पाऊण तासाचं पाणी

प्रिय गीतांजली,

प्रिय लिहावं लागते म्हणून लिहिलं. तू सध्या मले किती प्रिय आहेस ते पुढं कळेलच. फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस, अन् उचललास तर 'आजी, ड्युटीवर हाये' म्हणून ठेवून देतेस. दवाखान्यातली नर्स चोवीस तास ड्युटीवर असते हे मले तुझ्याकडूनच कळलं. फोन एका बोटानं कापता येतो, कागद फाडायले निदान दोन हात लागतात, म्हणून हा कागद. मी चौथीपर्यंत शिकली, त्यातही अर्धी चौथी वावरात गेली. अक्षर पाहून हसू आलं तर हास, पण अर्ध्यावर ठेवू नको. हे लिहायले मले लय वेळ लागला आहे अन् बोटं दुखून राहिली आहेत.

घरचं सांगते. सांबार निघाला, पुस्तकात ज्याले कोथिंबीर म्हणतात तो, बाजारात कोणी विचारत नाही, जुडी मातीमोल घेतात अन् वरून कढीपत्ता फुकट मागतात. मेथी बरी आहे. झेंडू दसऱ्याले गेला तेवढा गेला, उरलेला झाडावरच वाळला, कारण तोडायले हात नव्हते. दिवाळीत तू आली नाहीस. अकोला काही सातासमुद्रापार नाही, दोन-अडीच तासांत अमरावतीच्या डेपोत उतरते माणूस, अन् तिथून भातकुलीची बस धरली की घर. वर्षश्राद्धाले मात्र आलीस. पाहुण्यासारखी आलीस, जेवलीस, आपलं ताट आपण उचललंस, अन् मायशी एक शब्द न बोलता चारच्या बसनं निघून गेलीस. ती दारात उभी होती. तू चप्पल घालताना तिनं तुझी बॅग हातात धरून ठेवली होती, ती तू तिच्या हातातून अशी घेतलीस जशी कंडक्टरच्या हातातून घेते माणूस. मी पाहिलं ते. माझे डोळे अजून बरे आहेत.

तू तेरवीच्या दिवशी बोललीस ते कोणी विसरलं नाही, तूही नसशील. पंगत बसली होती. तुझी माय कोपऱ्यात, माहेरच्यांनी आणलेलं लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. अन् तू सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणालीस, 'मम्मी, तू तर तळ्याच्या काठावरच उभी होती ना? मग उडी काहून नाही मारली?' घास घेतलेले लोक घास चावायचे थांबले. तिनं त्या लुगड्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मी म्हटलं, पोट्टीचा बाप गेला आहे, बोलू द्या तिले, दोन महिन्यांनी आपणच गिळेल. तू गिळलं नाहीस. अन् तिनंही नाही गिळलं. तू तो टोमणा म्हणून मारला असशील. तिनं तो प्रश्न म्हणून घेतला, शाळेत मास्तर विचारतो तसा, ज्याचं उत्तर दिल्याशिवाय खाली बसता येत नाही.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघी सासू-सून मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. ती खाली पाहूनच म्हणाली, 'आत्याबाई, मले पोहणं शिकायचं हाये.' मले वाटलं, गेलं हिचं डोकं. मी म्हटलं, 'आता? आता कोणाले काढायचं हाये?' माझी जीभ कशी आहे तुले माहीत आहे. ती म्हणाली, 'कोणाले नाही. शिकायचं हाये.' अन् पुढची जुडी बांधायले घेतली. मी दोन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ती अमरावतीले भाजी घेऊन गेली होती तिथंच चौकशी करून आली होती. तिथल्या पोहण्याच्या तलावात बायांची वेगळी बॅच असते, आठवड्यातून तीन दिवस, चार ते पावणेपाच. पाऊण तास. मी म्हटलं, पाऊण तासात तर माझी आंघोळ होत नाही. पण गेली मी तिच्यासंगं, कारण एकटी गेली असती तर गावानं तिले जिवंत सोडलं नसतं.

तरी सोडलं नाहीच. पोहण्याचा ड्रेस घ्यायले गेलो तर दुकानदार विचारते, 'बेबी किती वर्षांची हाये?' मी म्हटलं, 'चव्वेचाळीसची बेबी हाये, काढ.' तो बिचारा तीन वेळा माझ्याकडं अन् तीन वेळा तिच्याकडं पाहत राहिला. गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली. शेजारची शकुन नळावर चार बायांत म्हणाली, 'नवरा पाण्यात गेला अन् बाई चड्डी घालून पाण्यात खेळायले जाऊन राहिली.' मी माझा पाण्याचा गुंड भरून घेतला, झाकण लावलं, अन् मग म्हटलं, 'शकुन, तुझा नवरा दारूत गेला. तू गुत्त्यासमोरून जाणं सोडलं काय?' त्या दिवसापासून ती मले पाहून नळ सोडते. पाणी भरायले बरं पडते.

आता त्या पाण्याचं सांगते. मले आत जाऊ देत नव्हते, ड्रेस घालून पोहायचं असंल तरच आत. म्हणून मी जाळीबाहेरच्या ओट्यावर बसायची, तिची पिशवी मांडीवर घेऊन. तिथून सगळं दिसते. पहिल्या दिवशी ती पायऱ्या उतरली, पाणी कमरेपर्यंतच होतं, अन् तिनं भिंतीची लोखंडी कडी जी धरली ती सोडेचना. बाजूनं बारक्या पोट्ट्या सुळसुळ निघून जायच्या, ही कडी धरून उभी. शिकवणारी रागिणी म्हणून आहे, तुझ्याच वयाची, गळ्यात शिटी. ती पाण्यात उतरून तिच्याजवळ उभी राहिली अन् म्हणाली, 'काकू, तोंड पाण्यात घाला अन् श्वास सोडा.' हिनं तोंड घातलं, पण श्वास सोडला नाही. छातीत दाबून धरला अन् डोळे लाल करून वर आली. पुन्हा तेच. अन् पुन्हा. रागिणी म्हणाली, 'पाण्यात सगळे मोठे माणसं हीच चूक करतात. आत घेतलेलं सोडत नाहीत, मग नवं घ्यायले जागा कुठून राहील?' मले वाटलं होतं हातपाय मारले की पोहणं झालं. तसं नसते ते. आधी श्वास सोडणं शिकावं लागते, तेही तोंड पाण्यात असताना. पहिला महिना ह्या एकाच गोष्टीत गेला.

अन् वेळ किती, तर पाऊण तास म्हणायचा. बस वेळेवर आली तर पाऊण तास. बस कधी वेळेवर आली आहे? राजकमल चौकातून आम्ही दोघी अशा पळायचो की लोकांले वाटावं पाकीट मारून चाललो. कपडे बदलायले रांग. मग आंघोळ करूनच आत उतरायचं असा नियम. उतरेपर्यंत चारचे सव्वाचार. त्यात अर्ध्या बाया काठाले टेकून सुनांच्या चुगल्या सांगतात, दोन पोट्ट्या मोबाइल प्लास्टिकात घालून फोटो काढतात, अन् पोहणारीले सरळ जागा म्हणून मिळत नाही. पावणेपाचाले शिटी. मध्ये आमचं ते पाणी केवढं राहिलं सांग. एखाद्या दिवशी तर ती ओली व्हायची अन् शिटी वाजायची. पण तिनं कधी कुरकुर केली नाही. रागिणीनं तिले सांगितलं होतं, वेळ कमी असला तर एका दिवशी एकच काम. एक दिवस फक्त पाय. एक दिवस फक्त मान फिरवून श्वास घेणं. सगळं एकदम करायले गेलात तर काहीच नाही होणार. तुझ्या मायले हे लगेच समजलं. ती पाणी द्यायलेही तशीच जाते, एक वाफा पूर्ण भिजल्याशिवाय दुसऱ्याचं तोंड उघडत नाही.

बाकीचं ती घरी करायची. मोठ्या गंजात पाणी भरून ओट्यावर ठेवायची, त्यात तोंड घालायची, बुडबुडे सोडायची, मान वळवून श्वास घ्यायची, पुन्हा तोंड आत. एकदा शकुनचा नातू दारात येऊन हे पाहून गेला, अन् गावात बातमी झाली की देवमनची बाई, म्हणजे तुझी माय, गंजात जीव देऊन राहिली होती. खाटेवर पालथी पडून पाय हलवायची, गुडघा न वाकवता, कंबरेतून. खाटेची सुतळी करकर वाजायची. मी ओरडायची, 'खाट मोडशील तर खाली झोपशील.' ती पाय हलवतच राहायची. उन्हाळ्यात तर पाणी कमी म्हणून तिथलं सगळं बंदच केलं. उघडलं तेव्हा पुन्हा पहिल्यासारखी, कडी धरून उभी, श्वास छातीत. मोठ्या वयात शिकलेलं अंगात मुरत नाही, जरा सुटलं की वाहून जाते. मी म्हटलं, सोड आता. ती म्हणाली, 'आत्याबाई, एकदा आलं होतं, म्हणजे पुन्हा येते.' अन् खरंच आलं. श्रावणात एक दिवस ती उथळ टोकावरून निघाली अन् मध्ये कडी न धरता खोल टोकाच्या भिंतीले जाऊन लागली. काळं डोकं वर, खाली, वर. घाई नाही, छपछप नाही. तिकडच्या चुगलीवाल्या बायाही वळून पाहायले लागल्या. रागिणीनं माझ्याकडं पाहून अंगठा दाखवला. मी काही अंगठा दाखवला नाही, माझ्या हातात तिची चप्पल होती. पण मी पाहिलं, गीतांजली. तुझी माय पोहते. तुले कोणी सांगितलं नसंल म्हणून मी सांगते.

तेव्हाच रागिणी मले जाळीजवळ येऊन म्हणाली होती, 'आजी, बाकीच्या बाया विचारतात पोट कमी कसं होईल. तुमच्या सूनबाई विचारतात लुगड्यावर पोहता येते काय. अंगाशी दुसरं माणूस असलं तर हात कसे मारायचे. मी काय सांगू?' मी म्हटलं, 'नको सांगू काही.' तिले मी सगळं सांगितलं नाही, पण ती पोरगी शहाणी आहे, तिच्या तोंडावरचा रंग उतरला. मले तर संक्रांतीपासूनच माहीत होतं. बाई हौसेनं शिकून नाही राहिली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधून राहिली होती. तिले पोहता येत असतं तर तुझा बाप, माझा देवमन, वाचला असता काय. तेवढंच तिले पाहायचं होतं.

आता शेततळ्याचं. तू ते भरलेलं असताना काठावर कधी गेली नाहीस, देवमन जाऊच देत नव्हता, म्हणून सांगते. आपला सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी सांबाराले दिलं तर पान जळते. म्हणून पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायले ते तळं खोदलं, अन् पाणी जमिनीत जिरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरली. एका पावसात तिच्यावर शेवाळ धरते, अन् मग ती साबण लावलेल्या ताटासारखी होते. सुरुवातीले देवमननं गाठी मारलेला एक दोर आत सोडून ठेवला होता, कोणी पडलं तर धरायले. मग गावातली पोट्टी तो दोर धरून आत पोहायले उतरायले लागली. त्यानं म्हटलं, दोर असला तर पोरं उतरतील, एखादं जाईल. म्हणून दोर काढून टाकला. दुसऱ्याची पोरं वाचावी म्हणून काढला अन् स्वतः गेला. पूर्णेच्या पुरात पोहलेला माणूस तो. नवरात्रात झेंडूले पाणी सोडताना पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं, ते काढायले वाकला अन् घसरला. मी त्या दिवशी बाजारात होती. तुझी माय झेंडूत होती. शेजारचा नत्थुजी त्याच्या वावरातून धावत आला तेव्हा तळं शांत झालं होतं अन् ती काठावर परकरावर उभी होती. त्यानं जे पाहिलं ते गावाले सांगितलं, की बाई उभी होती. खोटं नाही सांगितलं त्यानं. पण तो उशिरा आला होता, अन् बाईमाणूस परकरावर का उभं होतं हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही.

वर्षश्राद्धाले तू गेलीस त्या संध्याकाळी तिनं भांडी घासून पालथी घातली अन् म्हणाली, 'तळं भरलं हाये. उद्या उतरते.' मी खूप बोलली. शिव्याही दिल्या. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, 'दोर तुम्ही धरा नाहीतर नत्थुजी धरो. नाहीतर मी तशीच उतरते.' सकाळी मी नत्थुजीले बोलावलं. तो ट्रॅक्टर घेऊन आला. 'काकू, हे काही बरं नाही,' म्हणाला. मी म्हटलं, 'बरं काय हाये ते तू सांगू नको, गाठ पक्की मार.' दोराचं एक टोक ट्रॅक्टरले, एक तिच्या कमरेले. ती पोहण्याच्या ड्रेसमध्ये नव्हती. रोजचं लुगडं, रोजचं पोलकं. मी विचारलं, लुगडं कायले? म्हणाली, 'त्या दिवशी उडी मारली असती तर अंगावर हेच असतं.' अन् नत्थुजीले म्हणाली, 'भाऊजी, मी हात वर केल्याशिवाय ओढायचं नाही.'

उतरली. पाण्यात गेल्याबरोबर लुगडं फुगलं, मग पायांत गुंडाळलं. तरी पोहली. तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली, परत आली. मोठ्या माणसानं वर्षात पाऊण-पाऊण तास गोळा करून जेवढं शिकावं, त्यापेक्षा जास्त शिकली होती ती. मले वाटलं, झालं, येते आता बाहेर. अन् तिथून सुरू झालं. हात पन्नीवर टेकले, घसरले. गुडघा टेकला, घसरला. बोटं रोवायले जागा नाही, पायाले टेकू नाही. अर्धं अंग वर यायचं अन् पुन्हा खाली जायचं, जसं कोणी खालून पाय धरून ओढत असावं. पुन्हा. पुन्हा. तोंड पाण्याखाली जायले लागलं. श्वास सोडायची, घ्यायची, जसं शिकवलं तसं, पण घ्यायचं कमी होत चाललं. पन्नीवर नखांचे पांढरे ओरखडे उमटले. तिनं हात वर केला नाही. नत्थुजी माझ्याकडं पाहून राहिला होता. तिनं हात वर केलाच नसता, हे मले तेव्हा कळलं. मी म्हटलं, 'ओढ.' तो म्हणाला, 'काकू, त्यांनी अजून...' मी म्हटलं, 'ओढ रे भाड्या!' अन् ट्रॅक्टर सुरू झाला. तिच्या कमरेवर दोराचा वळ अजून आहे. तू नर्स आहेस, आलीस तर पाहशील.

काठावर उताणी पडली होती. पोटातलं पाणी ओकली. मग आभाळाकडं पाहत बोलली, जे वर्षभर बोलली नव्हती. म्हणाली, त्या दिवशी मी धावत आली तेव्हा ते असेच वर यायचे अन् घसरायचे. मी लुगडं सोडलं अन् फेकलं. त्यांनी धरलं. मी ओढलं, पण ते जड अन् मी हलकी, माझेच पाय पन्नीवर आले. मी घसरायले लागली. त्यांनी वर पाहिलं. 'साधना, सोड,' म्हणाले. मी नाही सोडलं. मग त्यांनी सोडलं. एवढं सांगून ती कुशीवर वळली. नत्थुजी पाठ करून उभा राहिला. मी म्हटलं, 'बरं केलं त्यानं.' माझ्या पोटचा होता, गीतांजली, एकटाच होता, अन् मी म्हणते, बरं केलं. नाहीतर तेरवी दोघांची असती अन् तुले प्रश्न विचारायलेही कोणी उरलं नसतं. मी तिले म्हटलं, हे तू पोट्टीले त्याच दिवशी काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, 'सांगितलं असतं तर तिले वाटलं असतं मी स्वतःले वाचवून राहिली.' नत्थुजीनं दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळ्यांले सांगितलं, न विचारता. शकुन एक वाटी खीर घेऊन आली, मी ठेवून घेतली. गावाचं काम तिथं संपलं. तुझं राहिलं आहे.

अन् आता ऐक, हे मी कायले लिहिलं. तुले वाटत असेल, आजी मायची वकिली करून राहिली. मले वकिलीची गरज नाही. मले वाटलं होतं, उत्तर मिळालं, आता बाई सुटेल. उलटं झालं. त्या दिवसापासून ती खाटेवर पडून आहे. स्वयंपाक करते, मोजकं बोलते, पुन्हा पडते. बॅचचे दिवस येतात अन् जातात, पिशवी खुंटीले तशीच. दिवाळीत तिनं एक पणती लावली नाही. रागिणीचा दोनदा फोन आला, तिनं माझ्या हातात दिला. वर्षभर तिले त्या प्रश्नानं जगवलं होतं, सकाळी उठायले, बस पकडायले, गंजात तोंड घालायले. आता उत्तर मिळालं अन् उठायले काही उरलं नाही. मी तिच्यावर नजर ठेवते, पण मी सत्तरीची आहे, मले झोप लागते. तू ये. पण ऐक, माफी मागू नको. तू रडलीस तर तिले तुझे डोळे पुसायले उठावं लागेल, अन् पुसून झाले की ती पुन्हा पडेल. तुले पोहता येत नाही, तुझ्या बापानं तुले कधी पाण्याजवळ जाऊच दिलं नाही. ये अन् तिच्या खाटेजवळ उभी राहून म्हण, 'मम्मी, मले पोहणं शिकव.' एवढंच म्हण. लगेच येणार नाही तुले, मोठ्या वयात येत नाही, दोन-तीन वर्षं तरी लागतील. तेवढी वर्षं ती रोज उठत राहील, तेवढी मले पाहिजेत. शनिवारी चारची बॅच आहे. बस धरायची तर दुपारी दोनच्या आत घरी पोच. मी तिले काही सांगितलं नाही. तू आली नाहीस तर तिले कधीच कळणार नाही की मी लिहिलं होतं. मले मात्र माहीत राहील.

तुझीच, पण ह्या भांडणात तुझ्या बाजूची नसलेली,
दुर्गा आजी